टूना, मोपेड आणि धम्मानंदांचा ब्रेक

नागपूरहून समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेने निघा, एक रात्र गाडीत काढावीच लागते. अशा गावात राहून धम्मानंद टेंभुर्णे यांना गेल्या पावसाळ्यापासून टूना माशाने पछाडलं होतं. साधासुधा मासा नव्हे. तीस-तीस किलोचा, गळाला लागला की मोटरसायकलसारखा सुसाट पळणारा टूना. तो अंदमानच्या समुद्रात मजेत पोहत होता आणि इकडे नागपूरच्या प्रताप नगरात धम्मानंदांची झोप उडाली होती.

त्याला कारण त्यांची लेक दीक्षा. तिची बँकेतली बदली अंदमानात झाली, आणि एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, तिकिटं काढली. डिसेंबरात तुम्ही अन् आई दोघं या. अन् एक दिवस बोट ठरवली हाय, खोल समुद्रातली. टूना धराले."

"मी धरू?" धम्मानंदांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हीच. पण बोटवाले काका म्हणतात एकच रॉड चालन. रॉड ते देतीन, रीळ तुमचं आणा. त्यांचे रीळ खाऱ्या पाण्यानं खाऊन टाकले."

फोन ठेवल्यावर धम्मानंदांनी घरातल्या घरात तीन येरझारा घातल्या आणि चौथीत देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बुद्धमूर्तीपुढे उभं राहून विनाकारण हात जोडले. वयाच्या अकराव्या वर्षी कोराडीच्या तलावावर बांबूची काठी घेऊन बसले असताना एका माशाने गळासकट, दोऱ्यासकट, काठी ओढून नेली होती. त्याचं तोंडसुद्धा दिसलं नव्हतं. तेव्हापासून पन्नास वर्षं त्यांच्या मनात एकच होतं: एक मोठा मासा आपल्या हाताने ओढायचा आणि त्याचं तोंड बघायचं. आता तो दिवस तारखेनिशी ठरला होता. दिवस एक, रॉड एक. चुकलं तर पुन्हा कोण बोट ठरवतंय!

म्हणजे सगळा खेळ रिळावर, दोरा गुंडाळायच्या त्या चाकावर आला. आणि रीळ निवडायला धम्मानंदांइतका लायक माणूस विदर्भात नाही, असं स्वतः धम्मानंदांचं मत होतं.

याला आधार होता. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी छत्तीस वर्षं ब्रेक सांभाळले. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांचे ब्रेक, क्रेनचे ब्रेक. क्रेन तपासताना ते तिला पेलेल त्याच्या सव्वापट वजन लटकवायचे, खाली उभे राहून तंबाखू मळायचे आणि वजन बोटभर जरी सरकलं तरी ब्रेक पुन्हा खोलायचे. मोठ्या माशाच्या रिळातही ब्रेकच असतो, हे त्यांना मोबाइलवर कळलं आणि त्यांचा आनंद गगनात मावेना. मासा पळाला की तो ब्रेक दोऱ्याला अडवतो, दोरा जड जातो, मासा दमतो. "म्हणजे हे तं माह्याच खात्याचं काम हाय!" ते सिंधूताईंना म्हणाले.

सिंधूताई त्यांची पत्नी. त्या वांगी चिरत होत्या. त्यांनी मान हलवली आणि चिरत राहिल्या.

पुढचा महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. एका प्रकारचं रीळ रॉडच्या खाली लटकतं. ते धम्मानंदांनी पोरखेळ म्हणून बाद केलं. दुसरं रॉडच्या वर बसतं, पण त्याचा ब्रेक बाजूच्या चांदणीसारख्या चकतीने आवळायचा. मासा पळत असताना किती फेरे झाले हे कोण मोजत बसणार? तिसऱ्याला मात्र एक दांडी होती. मागे ओढली की ब्रेक मोकळा, पुढे सारली की घट्ट. थेट क्रेनसारखी. तिच्यावर धम्मानंदांचं मन जडलं. वर त्यात दोन गिअर: एक भराभर दोरा गुंडाळायला, दुसरा जोर लावायला, कोराडीचा राखेचा चढ चढताना ट्रक ज्या गिअरमध्ये टाकतात तसा. दोरा किती मावतो, अॅल्युमिनियम अखंड आहे की जोडलेलं, खारं पाणी आत शिरू नये म्हणून काय केलंय, हे सगळं ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवत.

"दीक्षासाठी पोरगा पाह्यला तेव्हा इतकी चौकशी नव्हती केली जी तुम्ही," सिंधूताई म्हणाल्या.

"जावई कुठं पळून जाऊन राहिला होता वं? मासा पळते!"

शेवटी दोन रिळांवर गाडी अडली. एक काळंकुट्ट, विटेएवढं जड. पंचवीस किलोला अडवणारा ब्रेक. दुसरं सोनेरी, लहान, त्याच्या अर्ध्या ताकदीचं. चेन्नईच्या दुकानाने दोन्ही पाठवली. सात दिवसांत एक ठेवायचं आणि दुसरं परत करायचं. डबे आले तेव्हा धम्मानंदांनी काळं रीळ दोन्ही हातांनी उचललं आणि नव्या नातवाचं करावं तसं त्याचं कौतुक केलं. सोनेऱ्याकडे बघितलंही नाही. अंदमानातून बोटवाल्या काकांचा निरोप आला होता की लहान बरं पडेल. "त्यायले काय माहीत," धम्मानंद म्हणाले. "मी छत्तीस वर्षं ब्रेक पाह्यले."

पण बिना तपासणीचा ब्रेक वापरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चौथ्या दिवशी, रविवारी, त्यांनी शेजारच्या भैयाजींना बोलावलं.

भैयाजी संत्र्यांचे व्यापारी. नरखेडकडे बागा, प्रताप नगरात घर, वय अडुसष्ट आणि उत्साह अठराचा. त्यांच्याकडे दोन उपयोगी वस्तू होत्या: संत्र्यांच्या पोत्यांचं वजन करायचा टांगता काटा आणि एक जुनी मोपेड.

"समुद्र कुठं हाय गा?" भैयाजींनी गल्लीत इकडेतिकडे बघत विचारलं.

"हा रस्ता समुद्र. तुम्ही टूना," धम्मानंद म्हणाले.

भैयाजींना ही बढती फार आवडली. दोऱ्याचं टोक मोपेडच्या कॅरिअरला बांधलं गेलं. मोठ्या माशाशी झुंजणारा माणूस बोटीवर खुर्चीत बसतो, हे धम्मानंदांनी वाचलं होतं. तेव्हा त्यांनी घरातून आपली चाकांची खुर्ची आणली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेली, फिरती, पाठीवर त्यांचं नाव कोरलेली. तिच्यात बसून त्यांनी एका जाड बांबूवर बसवलेलं काळं रीळ मांडीत घेतलं, दांडी शेवटपर्यंत पुढे सारली आणि हात वर केला.

"सोडा भैयाजी!"

भैयाजींनी हेल्मेट घातलं, मूठ पिळली आणि मोपेड फटफटत निघाली. दोरा ताठ झाला. ब्रेकने धरलं. आणि खुर्ची चालू लागली.

आधी जरा हळू. मग भाजीच्या ठेल्याजवळून ती गेली तेव्हा ठेलेवाल्याच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. मग भैयाजींच्या पत्नी शोभाताई फाटकातून ओरडल्या, "अहो थांबा, धम्मानंदभाऊ येऊन राहिले मागून!" पण हेल्मेटच्या आत भैयाजी टूना झालेले; टूनाला कान असतात का? धम्मानंदांना एवढंच करायचं होतं की दांडी मागे ओढायची. ते त्यांना समजत होतं. पण हात! छत्तीस वर्षं भार वाढला की ब्रेक आवळायचा, एवढंच शिकलेला हात. खुर्ची जितकी धावे तितका तो दांडी पुढे रेटी. कुत्री भुंकत मागे लागली. वळणावर मोपेड डावीकडे वळली, खुर्चीने मात्र सरळ जायचं ठरवलं आणि नव्या बांधकामाच्या रेतीच्या ढिगात धम्मानंदांना मानाने उतरवलं.

सगळी गल्ली धावत आली. धम्मानंद कमरेपर्यंत रेतीत, चष्मा कपाळावर, आणि रीळ दोन्ही हातांनी वर धरलेलं.

"पाह्यलं?" ते हर्षाने ओरडले. "बोटभर नाही सरकला! काय ब्रेक हाय बाप्पा!"

गर्दीतून सिंधूताई पुढे आल्या. हाताला बेसन लागलेलं होतं. त्यांनी आधी नवऱ्याचे हातपाय शाबूत आहेत का ते पाहिलं, मग मोपेड, मग खुर्ची.

"मासा पुढं, अन् तुम्ही त्याच्या मागं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग कोणं कोणाले धरलं जी?"

गल्ली अशी हसली की ठेलेवाल्याने दुसरी जुडीही पाडली. धम्मानंदही हसले, पण आतून थोडे चरकले.

सिंधूताईंनी हात पदराला पुसले. "आणा इकडं. भैयाजी, पुन्हा चालता का?"

"वहिनी, तुम्ही?"

"चक्रीच तं हाय ना ही."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. संक्रांतीला प्रताप नगरच्या गच्चीवर धम्मानंद पतंग उडवत आणि त्यांच्या नावाचा दबदबा होता. त्यांची पद्धत एकच: खेच. दुसऱ्याच्या दोऱ्यावर दोरा पडला की ओढायचा, करकचून, दोघांपैकी कुणाचा तरी कटेपर्यंत. आणि मागे, पाण्याच्या टाकीजवळ, मांज्याची चक्री धरून सिंधूताई उभ्या असत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून, तेहतीस वर्षं. ढील किती सोडायची, दोरा कधी थोपवायचा, चक्री कधी हातात मोकळी फिरू द्यायची, हे सगळं त्या बघत. पतंग कापला की "ओ काट!" धम्मानंद ओरडत. चक्री धरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

सिंधूताई खुर्चीत बसल्या नाहीत. पाय रोवून उभ्या राहिल्या, दांडी निम्मी मागे घेतली आणि मान हलवली. भैयाजी निघाले. काळ्या रिळातून दोरा सुटला, अडला, हिसका देऊन पुन्हा सुटला.

"अडखळते," त्या म्हणाल्या. "असा हिसका बसला तं मांजा तुटते. तो सोनेरी द्या."

सोनेऱ्या रिळातून दोरा निघाला तो एका सुरात, सरसर. सिंधूताई डोळे मिटून जणू ऐकत होत्या. मोपेडला शंभर पावलं जाऊ दिलं, मग दांडी किंचित पुढे, मग आणखी किंचित. मोपेडचा आवाज जड होत गेला, घरघरला आणि वळणाच्या अलीकडेच गाडी बंद पडली. सिंधूताई जागच्या हलल्या नव्हत्या.

भैयाजींनी हेल्मेट काढलं. "वहिनी, गाडी बंद पडली का तुम्ही पाडली?"

"दमली ते," सिंधूताई म्हणाल्या आणि बेसनाकडे परत गेल्या.

त्या दुपारी धम्मानंद जेवले नाहीत. त्यांना राग आला होता आणि कुणाचा ते सांगता येत नव्हतं. काळं रीळ त्यांनी एकदा पुसलं, दोनदा पुसलं. मग भैयाजींचा काटा रिळाच्या दोऱ्याला अडकवून स्वतः ओढून पाहिला. काळ्याचा काटा चार किलोवरून नऊवर उडी मारी, पुन्हा पाचावर येई. सोनेऱ्याचा सातावर लावला की सातावर राही. आकडा खोटं बोलत नाही, हे कोराडीत शिकलेल्या माणसाला नाकारता येईना. संध्याकाळी काळं रीळ डब्यात गेलं.

"सोनेरी ठेवला," ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले. "पण रॉड मीच धरीन."

"तुमचाच मासा हाय जी. मले काय करायचं?" सिंधूताई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात झुणका वाढला.

डिसेंबरात विमानतळावर भैयाजींचा काटा पिशवीतून निघाला तेव्हा तपासणीच्या बाईने विचारलं, हे काय? "मासा तोलाले," धम्मानंद अभिमानाने म्हणाले. सगळ्या रांगेने त्यांच्याकडे आदराने पाहिलं, निदान त्यांना तसं वाटलं.

आणि समुद्र! बोट किनारा सोडून निघाली तसं धम्मानंद लहान पोरासारखे या कठड्याहून त्या कठड्याला जाऊ लागले. एवढं पाणी! कोराडीचा तलाव किती वेळा ओतला तर हे भरेल, याचा त्यांनी हिशेब सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला, कारण पोटातून सकाळचे पोहे वर येऊ पाहत होते. सिंधूताई मात्र सुपारी कातरत निवांत बसल्या होत्या. दीक्षा दोघांचे फोटो काढत होती.

दहा वाजता रॉड वाकला.

वाकला म्हणजे काय, टोक पाण्यालाच लागलं. सोनेरी रीळ किंचाळलं. धम्मानंद रॉड टेकवायचा पट्टा कमरेला बांधून उभेच होते, त्यांनी रॉड कवटाळला आणि "आला! आला वं! आला!" असा जो आरडाओरडा केला, तो नागपुरात ऐकू गेला असता. पन्नास वर्षांपूर्वीचा मासा परत आला होता आणि या वेळी दोऱ्याचं टोक त्यांच्या हातात होतं. त्यांना रडू येत होतं, हसू येत होतं, पाय नाचत होते.

आणि हात दांडीवर गेला. पुढे. आणखी पुढे.

"ढील दो, अंकल! ढील दो!" बोटवाले काका ओरडले. दोरा ताणून तारेसारखा वाजू लागला.

धम्मानंदांना कळत होतं. मागे घे, ते हाताला सांगत होते. हात ऐकत नव्हता. भार वाढत होता आणि हात आवळत होता, आणखी एक क्षण आणि दोरा तुटणार, आणि अकराव्या वर्षीसारखाच तोंड न दाखवता मासा जाणार. त्या क्षणी त्यांना गल्ली दिसली, सरसर जाणारा दोरा दिसला, आणि बेसन लागलेला एक हात.

रॉड दुसऱ्याच्या हातात देणं एवढं सोपं नव्हतं. त्यांचा जीव त्या रॉडमध्ये होता.

"सिंधू," ते म्हणाले, "धर वं."

सुपारी खाली पडली. सिंधूताई उठल्या, पुढे सरकल्या आणि पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल तर दांडी मागे ओढली. रीळ गायला लागलं. दोरा गेला, गेला, गेला. धम्मानंदांना वाटलं संपला. सिंधूताई म्हणाल्या, "जाऊ द्या त्याले. जाऊन जाऊन कुठं जाते?" आणि मग किंचित पुढे. पुन्हा किंचित. मासा वळला.

चाळीस मिनिटं. धम्मानंद आपला पट्टा सिंधूताईंच्या कमरेला बांधून, मागे उभे राहून तो दोन्ही हातांनी धरून होते, मधेच बादलीने रिळावर पाणी ओतत होते, मधेच "खेच वं!" म्हणत होते.

"गप्प राहा जी."

शेवटी मासा बोटीखाली जड होऊन बसला तेव्हा सिंधूताईंच्या दंडाला कळ लागली. "आता तुमचं काम," त्या म्हणाल्या. "दांडी माह्या हातात राहू द्या. तुम्ही फिरवा." धम्मानंदांनी जोराचा गिअर टाकला आणि हँडल फिरवायला घेतलं. ती सांगे तेव्हा फिरव, ती सांगे तेव्हा थांब. चढाचा ट्रक हळूहळू वर येत होता. निळ्या पाण्यात आधी एक रुपेरी चमक दिसली, मग पिवळे पर, मग डोळा.

धम्मानंदांनी माशाचं तोंड पाहिलं. खाली गुडघ्यांवर बसून, चष्म्यावरचं पाणी न पुसता, बराच वेळ पाहत राहिले.

भैयाजींच्या काट्याने एकतीस किलो सांगितलं. फोटोत मासा दोघांच्या मधे आहे, दीक्षाचं बोट कोपऱ्यात आलंय, आणि धम्मानंदांचं तोंड इतकं उघडं आहे की पाण्यातून नक्की कोण निघालंय, हे का मासा, असा प्रश्न भैयाजींनी नंतर विचारलाच. फोटो गल्लीभर फिरला. "कोणं धरला?" असं ज्याने ज्याने विचारलं त्याला धम्मानंद न चुकता सांगत, "चक्री तिच्या हातात होती."

मग संक्रांत आली. सकाळपासून प्रताप नगरच्या गच्च्या भरल्या, गाणी लागली, तिळाचे लाडू फिरले. धम्मानंद नेहमीप्रमाणे पुढच्या कठड्याशी गेले, बोटांना चिकटपट्टी गुंडाळली, लाल पतंग हातात घेतला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागे वळून त्यांनी तो सिंधूताईंच्या हातात दिला. स्वतः चक्री घेऊन पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहिले.

सिंधूताई एकदा त्यांच्याकडे बघून पुढे गेल्या. पतंग चढला. दोरा चक्रीतून सुटू लागला. धम्मानंदांनी मान उंच केली, डावीकडे वाकले, टाचा उचलल्या. समोर टाकी. टाकीच्या वर ऊन. पतंग कुठेच दिसेना.

"पतंग कुठं हाय वं?"

"तो तुम्ही पाहू नका. चक्री पाहा."

"इथून तं काहीच दिसत नाही!"

"नाही दिसत."

चक्री त्यांच्या हातात गरगरत होती.

"तेहतीस वर्षं तुले पतंग दिसलाच नाही?"

सिंधूताईंनी वळून पाहिलं नाही. भैयाजींचा हिरवा पतंग अंगावर येत होता. "दोरा दिसत होता ना जी," त्या म्हणाल्या. "आता बोलू नका. ढील द्या."

धम्मानंदांनी चक्री दोन्ही हातांत सैल धरली.